पोरीचे विमान आणि आमचे दीड एकर

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले. जयंती होऊन दोनच दिवस झाले होते. वस्तीतले निळे तोरण अजून उतरवले नव्हते. आम्ही सगळे घरी टीव्हीसमोर बसून ते विमान पाहत होतो. आपल्या वऱ्हाडात विमान येते याचेच आम्हाला कौतुक. ते चालवते कोण, असा प्रश्न आमच्या मनात आला नाही. तो आमच्या मोठ्या पोरीच्या मनात आला.

५ मे रोजी बारावीचा निकाल लागला. विज्ञान शाखा, ७८ टक्के. पेढे वाटून झाले. रात्री जेवताना आजीने विचारले, "आता पुढं काय करतं बाई?" पोरगी ताटाकडे पाहत म्हणाली, "मले पायलट व्हाचं हाये." धाकटा नववीतला, तो हसला. आम्ही हसलो नाही, पण घास तिथेच थांबला.

वाचकांना आमची ओळख अशी की आमच्यापैकी एक अकोटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आणि दुसरी अंगणवाडी सेविका. दोघांचे मिळून महिन्याला अठ्ठावीस हजारांच्या आसपास येतात. हंगाम संपला की फिटरचे काम निम्मे होते. गावालगत दीड एकर कोरडवाहू वावर आहे. आमच्या आजोबांनी जिनातली हमाली करून, पैसा पैसा जोडून ते घेतले. घरात दागिना म्हणावा असा तोच. आमच्या वस्तीतली शिकलेली पोरे मास्तर झाली, पोलिसात गेली, नर्स झाली, दोघे बँकेत लागले, एक तलाठी आहे. पायलट झालेला कोणी आम्ही पाहिलेला नाही. अंगणवाडीत गेल्यावर ही गोष्ट सांगितली तर मदतनीस बाई म्हणाल्या, "ताई, पोरगी आजारी तं नाही नं?"

सुरुवातीलाच आमची एक चूक कबूल करतो, कारण ती इतरांनी करू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोल्यात एका हॉटेलात 'करिअर मार्गदर्शन' होते. कोट-टाय घातलेल्या माणसाने पडद्यावर विमाने दाखवली. पंचावन्न लाख खर्च, दोन वर्षांत लायसन्स, मग महिन्याला लाखांचा पगार, असे त्याचे सांगणे. जागा थोड्या आहेत, आज नोंदणी केली तर सवलत, असेही म्हणाला. आम्ही भिशीचे उचललेले पंचवीस हजार त्याच टेबलावर भरले. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'रक्कम परत मिळणार नाही' असे छापले होते, ते एसटीत बसल्यावर वाचले. ते पैसे गेले ते गेले. पोरगी अकोटपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. आम्ही तिला एका शब्दानेही बोललो नाही. पैसे आम्ही भरले होते, तिने नाही.

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. पोरीने रेशनच्या जुन्या वहीची मागची पाने घेतली आणि सगळे लिहून काढायला सुरुवात केली. जे कळले ते पालकांसाठी सांगतो.

व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. वय १८ पूर्ण. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असले की मार्ग सरळ होतो. ज्यांचे ते विषय नव्हते अशी बरीच मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते दोन विषय वेगळे पास झालेली आहेत. लेखी पेपर केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे असतात. नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे विषय. पास व्हायला ७० टक्के लागतात. पस्तीसवर पास होण्याची आपल्याला सवय, इथे ६९ म्हणजे नापास. रेडिओवर बोलण्याचे लायसन्स वेगळे.

आता पैसा. तासाचा दर आम्हाला पंधरा हजारांच्या आसपास सांगितला गेला. २०० तासांचे झाले तीस लाख. दोन इंजिनांच्या विमानाचे तास वेगळ्या आणि चढ्या दराने. वसतिगृह, वर्ग, गणवेश, परीक्षा धरून आकडा पन्नासच्या पुढे सरकतो. आमच्यातल्या फिटरला तासाचा हा दर पटेना. शिकाऊ सेसना विमानाचे इंजिन म्हणजे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, समोरासमोर बसवलेले, जिनातल्या मशीनपुढे खेळणे. मग एवढा दर कशाचा? तर त्याचे पेट्रोलही वेगळे, अ‍ॅव्हगॅस नावाचे. ते पूर्वी बाहेरदेशातूनच यायचे, २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याला बनवू लागली. शिवाय ठरावीक तास झाले की इंजिन चालू असो की बिघडलेले, ते उघडून तपासायचेच. हे ऐकल्यावर फिटर गप्प झाला. जिनात मशीन बंद पडल्यावर उघडतात, इथे बंद पडू नये म्हणून उघडतात.

पण कोट-टायवाल्याने जे सांगितले नाही ते पुढे आहे. २०० तास झाले, लायसन्स हातात आले, म्हणजे नोकरी लागली असे नाही. एअरबस किंवा बोइंग चालवायची तर त्या त्या विमानाचे प्रशिक्षण पुन्हा वेगळे घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात, आणि त्याचे पंधरा-वीस लाख बहुतेक वेळा उमेदवारालाच भरावे लागतात. मोठ्या कंपन्यांची स्वतःची कॅडेट योजना असते. तिच्यात नोकरीची वाट जवळची, पण खर्च कोटीच्या घरात. आणि मग वाट पाहणे. २०२३ साली देशात १६२२ व्यावसायिक लायसन्स दिले गेले. कंपन्यांची विमाने येतील तशी भरती होते, लायसन्सच्या आकड्याप्रमाणे नाही. किंगफिशर २०१२ साली बसली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. २०२० साली कोरोनाने विमाने जमिनीवर आणली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. दर वेळी अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले, आणि त्यांच्या मागे रांगेत नवी पोरे उभी होती. उलट बाजूही खरी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आणि डिसेंबरात इंडिगोला माणसे पुरली नाहीत आणि हजारो फेऱ्या रद्द झाल्या. पोरीने ती बातमी वहीत चिकटवली. तिची आई म्हणाली, "मागच्या पानावर जेटची पण चिकटव."

चाळीस लाख कर्ज काढले तर? अकरा टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या फेडीत, हप्ता येतो पंचावन्न हजार. आमच्या दोघांच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते. तारण म्हणजे दीड एकर. ते विकले तरी बावीस लाखांच्या वर कोणी देत नाही, हे आम्ही एका दलालाला सहज म्हणून विचारले होते. सहज म्हणून विचारले, पण घरी आल्यावर दोघांनाही जेवण गेले नाही.

शिष्यवृत्तीचे काय, असे वाचक विचारतील. आम्हीही समाजकल्याणच्या पायऱ्या चढलो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वैमानिक प्रशिक्षण पहिल्या गटात धरलेले आहे, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आमचे होते तीन लाख छत्तीस हजार. म्हणजे शिष्यवृत्तीसाठी आम्ही श्रीमंत, बँकेसाठी गरीब. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च दर्जाच्या शिक्षणाची योजना आहे. तिची उत्पन्न मर्यादा आठ लाख, तिथे आम्ही बसतो. तिच्या यादीतल्या खासगी फ्लाइंग क्लबला वर्षाला जास्तीत जास्त ३ लाख ७२ हजार मिळतात. दोन वर्षांचे साडेसात लाखही होत नाहीत. ज्यांनी ही रक्कम ठरवली त्यांनी तासाचा दर कधी विचारला होता की नाही, हा आमचा साधा प्रश्न आहे. महाज्योतीने इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षण काढले. ती पोरे उडोत, आम्हाला आनंदच आहे. ते आमच्या पोरीला लागू नाही. केरळात अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना तिरुअनंतपुरमच्या राजीव गांधी अकॅडमीत सरकारी खर्चाने शिकवले आहे. केरळला जमते ते ज्या राज्यातून बाबासाहेब शिकायला सातासमुद्रापार गेले त्या राज्याला का जमू नये? आपल्या संघटना जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार जातात, या एका मागणीसाठी मंत्र्याच्या दारी गेल्या तर बरे होईल. असो.

सरकारी संस्था एक आहे. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. प्रवेश परीक्षेने, जागा राखीव, अनुसूचित जातीला अर्जाचे शुल्क माफ. फी मात्र सगळ्यांना तीच, अलीकडे पंचेचाळीस लाखांच्या आसपास. राखीव जागेवर बसायला आधी पंचेचाळीस लाख पाहिजेत, ही राखीव जागा आम्हाला नीट समजली नाही. तरी परीक्षा देऊन ठेवायची असे ठरले. त्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० पूर्वी बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीच नव्हत्या, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. आजीला ठाऊक आहे. तिच्या भावाची केंद्राची एक नोकरी त्यातच गेली. दाखल्यासाठी सेतूच्या तीन चकरा झाल्या तेव्हा पोरगी वैतागली, आजी नाही वैतागली.

फुकटचे उड्डाणही आहे, ते हवाई दलात. एनडीएत आता मुलींना घेतात, पहिली तुकडी २०२२ साली आत गेली आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडली. शिक्षण सरकारचे, वर विद्यावेतन. आम्हाला वाटले, सुटलो! मग उंचीची अट वाचली. वैमानिकाला १६२.५ सेंटिमीटर. दाराच्या चौकटीला उभे करून मोजले, पोरगी १६० भरली. पुन्हा मोजले. धाकट्याने चप्पल घालून मोजायचा सल्ला दिला. फुरसतगंजला १५८ चालते, तिथे ती बसते. जिथे पैसा लागत नाही तिथे अडीच सेंटिमीटर कमी पडले.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडले. तिच्या आईने टीव्ही बंद केला आणि दोन दिवस लावू दिला नाही. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात पडले होते, शिकवणारा आणि शिकणारी दोघेही गेले, हे पोरीने आपणहून वहीत लिहिले होते. आईने ते पान वाचले. काही बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली, "हे लपवलं नाहीस ते बरं केलंस."

खरी चर्चा झाली ती आषाढी पौर्णिमेच्या रात्री. विहारातून वंदना आटोपून आलो होतो. पोरीने सरळ विषय काढला. म्हणाली, "बाबासाहेबांनी पण कर्ज काढूनच शिक्षण केलं. लंडनला जाताना नवल भथेनांकडून पाच हजार घेतले होते."

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिच्या आईकडे होते. "घेतले होते. पण त्याच्या आधी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातले पैसे जमवले. शाहू महाराजांनी मदत केली. आणि भथेनांचं कर्ज बाबासाहेबांच्या नावावर होतं, सुभेदारांच्या वावरावर नव्हतं."

पोरगी रडली नाही, पण तिचा आवाज बदलला. "म्हणजे तुम्ही नाहीच म्हणता."

तेव्हा आजी भिंतीला टेकून बसली होती, ती बोलली. "वावर इका. कोनासाठी ठेवता? मी काय संगं नेतो काय? सासऱ्यानं घेतलं तवा लोक म्हनत होते, हमालाले वावर काहून पाह्यजे."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. विकू नका असे आजी म्हणेल आणि आमची सुटका होईल, असा आमचा दोघांचाही आतला हिशेब होता. तो फसला.

मग तिची आई हळूच म्हणाली, "वावरात वाटा एकीचा नाही. धाकट्यानं अजून काही मागितलं नाही, म्हणून त्याचं त्याला लागणारच नाही असं कसं? आणि तुमच्या औषधाला महिन्याला दोन हजार लागतात, ते कापसातून निघतात." त्यावर आजीही गप्प झाली. धाकटा झोपल्याचे सोंग घेऊन पडला होता, ते आम्हाला कळत होते.

त्या रात्री ठरले नाही. पुढचे पंधरा दिवस घरात सगळे एकमेकांशी जपून बोलत होते. आम्ही दोघांनी एकमेकांना खरे विचारले: आपण पैशाला भितो की पोरीच्या उडण्याला? एक जण म्हणाला पैशाला, दुसरी म्हणाली दोन्हीला. आमच्या पिढीला सांगितले गेले, नोकरी धरा, पक्की धरा, कारण खाली पडलो तर झेलणारा कोणी नव्हता. ती शिकवण खोटी नव्हती. पण तिच्यात पोरीच्या प्रश्नाचे उत्तर नाही, हेही आम्हाला दिसत होते.

शेवटी वाट फिटरच्या डोक्यातून निघाली. मशीन घेण्याआधी जे फुकटात किंवा थोडक्यात तपासता येते ते आधी तपासायचे. वैद्यकीय तपासणीला काही हजार लागतात. डोळ्यांना रंग नीट ओळखता आले नाहीत तर पुढचे पन्नास लाख वाचतात. लेखी पेपरही उड्डाणाचा एक तास न घेता देता येतात. म्हणजे आधी तपासणी, मग पेपर, सोबत अकोटलाच बी.एस्सी. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. पदवी हाती असली तर विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेलाही बसता येते. टॉवरमध्ये बसून वैमानिकाला उतरायची परवानगी देणारा तो अधिकारी, पगार चांगला, शिक्षण प्राधिकरणाचे. सगळे पेपर निघाले आणि फुरसतगंजची परीक्षा पास झाली तर मग वावराचा विषय पुन्हा काढायचा, तेव्हा धाकट्यालाही जवळ बसवून. त्याआधी सातबारा ट्रंकेतून निघणार नाही. पोरीने हे सगळे वहीत लिहिले आणि खाली आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. आजीने अंगठा न लावता सही केली, प्रौढ शिक्षणात शिकली होती.

सप्टेंबरात नागपूरला जाऊन दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी केली. पास. पहिल्या वर्गाची अजून व्हायची आहे, ती कडक असते. दिवाळीनंतर अमरावतीला लग्न होते, तेव्हा मुद्दाम बेलोऱ्याला गेलो. २०२४ साली एअर इंडियाने तिथे वैमानिकांची शाळा काढायचे जाहीर केले आहे, ३४ शिकाऊ विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक. शाळा घराजवळ आली म्हणून फी जवळ येत नाही, हे आता आम्हाला कळते. तरी कुंपणाजवळ उभे राहून पोरगी धावपट्टी कोणत्या दिशेला आहे आणि वारा कुठून आहे ते धाकट्याला सांगत होती. तो नीट ऐकत होता, हसत नव्हता.

२०२६ च्या पहिल्या सत्रात तिने मुंबईला जाऊन दोन पेपर दिले. अकोल्याहून रेल्वेने जनरल डब्यात एक जण सोबत गेलो. हवामानात ७४ पडले. नेव्हिगेशनमध्ये ६१. निकाल पाहिल्यावर तिने पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले, आपण काय म्हणतो ते बघायला. तिची आई म्हणाली, "हवामान तं निघालं नं. चहा ठेव."

आता रोज संध्याकाळी ती अंगणात खडूने रेघा मारते. एक रेघ विमानाची, एक वाऱ्याची, आणि तिसरी जमिनीवरच्या खऱ्या वाटेची. आजी खाटेवरून पाहत असते. काल तिने विचारले, "ह्या वाऱ्याच्या रेघीले बाण काहून काढला?" पोरीने सांगितले, वारा ज्या बाजूला ढकलतो ते दाखवायला, म्हणजे किती वाकडे धरले की सरळ जाता येते ते कळते. आजी म्हणाली, "वखर धरतानी पण तसंच अस्ते," आणि खाली उतरून ती रेघ जवळून पाहायला गेली.